उरल नदीच्या डाव्या किनाऱ्यावर

खातेगांवातून रशियाला जायचं म्हटलं की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात आणि मग मुलगा तिकडे डॉक्टरी शिकतोय का, हे विचारतात. मला मॅग्नितोगोर्स्कला जायचं होतं, आणि त्या गावाचं नाव दोनदा सांगितल्यावर प्रश्न आपोआप थांबत. कारण साधं होतं. आमचे एक काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर होते. दिवाळीला घरी आले की नर्मदेवर नेमावरला सिद्धनाथाचं दर्शन घ्यायचे आणि घाटावर बसून रशियन साहेबांच्या गोष्टी सांगायचे. त्या गोष्टींत हे नाव वारंवार यायचं. भिलाई शिकली ती तिथल्या लोकांकडून, असं ते म्हणत. पुढे वाचनात आलं की त्या गावालाही कोणीतरी शिकवलं होतं. शिकवणारे होते अमेरिकन आणि जर्मन, आणि तेही अशा काळात की त्यांच्या स्वतःच्या देशात हाताला काम नव्हतं. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी असं फार दिवस मनात होतं.

कन्नौद, चापडा, डबलचौकी करत बसनं इंदूर, तिथून दिल्ली, दिल्लीहून मॉस्को. भारतीयांना आता रशियाचा ई-व्हिसा मिळतो, त्यामुळे कागदपत्रांची कटकट कमी झाली आहे. पैशांची मात्र वाढली आहे. 2022 पासून बाहेरच्या देशांतली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. रोकड बरोबर न्यावी लागते आणि ती जपावीही लागते.

मॉस्कोत मी क्रेमलिन पाहिलं, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा अर्धा दिवस गेला तो शहराच्या आग्नेय भागातल्या एका रस्त्यावर. रस्त्याचं नाव शारिकोपोद्शिप्निकोव्स्काया. एका दमात म्हणता येत नाही, पण नाव कारखान्यावरून आलेलं आहे. पहिला सरकारी बॉल बेअरिंग कारखाना इथे होता आणि त्यात रॉबर्ट रॉबिन्सन नावाचा एक कृष्णवर्णीय टूलमेकर काम करत असे. जन्म जमैकातला, नोकरी डेट्रॉइटला फोर्डमध्ये. 1930 मध्ये सोव्हिएत भरती करणाऱ्यांनी त्याला जास्त पगार देऊ केला आणि तो स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात आला. तो कारखानाही डेट्रॉइटच्या अल्बर्ट कान या वास्तुविशारदानं आखलेला. तिथे दोन गोऱ्या अमेरिकन कामगारांनी त्याला मारहाण केली. रशियनांनी त्या दोघांवर खटला भरला, देशभर गाजवला आणि त्यांना हद्दपारीची शिक्षा दिली. रॉबिन्सन एका रात्रीत प्रसिद्ध झाला. 1934 मध्ये त्याला न विचारताच मॉस्को सोव्हिएतवर निवडूनही दिलं गेलं. मात्र घरी जायची वेळ आली तेव्हा दार बंद होतं. 1974 मध्ये युगांडाला भेट द्यायच्या निमित्तानं तो बाहेर पडला, म्हणजे आल्यापासून 44 वर्षांनी.

ही माणसं तिकडे का गेली, हे समजायला अमेरिकेतली महामंदी डोळ्यांपुढे आणावी लागते. 1933 पर्यंत तिथे चार कामगारांमागे एक बेकार होता. त्याच सुमारास सोव्हिएत रशियाची पहिली पंचवार्षिक योजना चालू होती आणि तिथे माणसं कमी पडत होती. न्यूयॉर्कमधल्या ‘अम्तोर्ग’ या सोव्हिएत व्यापारी कचेरीनं 1931 मध्ये सहा हजार कुशल कामगार हवेत म्हणून जाहिरात दिली, तर एक लाखाहून अधिक अर्ज आले, असं सांगतात. अर्ज करणारे सगळे कम्युनिस्ट होते असं मुळीच नाही. बहुतेकांना नोकरी हवी होती, काहींना चांगलं जग हवं होतं, आणि थोड्यांना दोन्ही. वॉल्टर आणि व्हिक्टर रॉयथर हे भाऊ गोर्की शहरातल्या मोटार कारखान्यात डाय बनवायला गेले आणि 1935 मध्ये परतले. वॉल्टर पुढे अमेरिकेतल्या मोटार कामगार युनियनचा अध्यक्ष झाला. अमेरिका-कॅनडातले सुमारे सहा हजार फिनिश लोक कारेलियाच्या जंगलात लाकूडतोडीला गेले. त्यांच्यातले अनेक जण 1937-38 च्या स्टालिनी धरपकडीत मारले गेले.

यात आपला माणूस कुठे दिसत नाही, आणि त्याचंही कारण आहे. मंदी आपल्याकडेही होती. शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि आमच्या होळकरी मुलखातला कापूस किंवा गहू त्याला अपवाद नव्हता. पण ब्रिटिश अंमलात हिंदी माणसाला रशियाचा पासपोर्ट मिळणं महाकठीण होतं. नुसत्या संशयावरूनही माणूस आत जात असे. 1932 मध्ये मॅग्नितोगोर्स्कला पहिली भट्टी पेटली तेव्हा डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर आणि बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आलेले पनवेलचे गंगाधर अधिकारी मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यात अडकून तुरुंगात होते. मुंबईच्या गिरणगावात रशियाची चर्चा भरपूर होती, पण तिकडे जाणं शक्य नव्हतं.

मॉस्कोहून मॅग्नितोगोर्स्क विमानानं अडीच तासांच्या आत-बाहेर. उतरल्यावर घड्याळ लावताना गंमत वाटली. इतक्या लांब येऊनही तिथली वेळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. सप्टेंबरचा शेवट होता. गवताळ पठार पिवळं पडलेलं, बर्चची झाडं त्याहून पिवळी, आणि वाऱ्याला आत्ताच धार आलेली. शहराच्या मधून उरल नदी वाहते. उजवा किनारा युरोप, डावा आशिया. लोक सकाळी युरोपातून ट्रामनं निघतात आणि आशियात कामाला जातात. पहिल्या दिवशी मी दोनदा खंड बदलला आणि दोन्ही वेळा तिकीट तेवढंच पडलं.

शहराचा जन्म एका डोंगरामुळे झाला. माग्नित्नाया हा एकच डोंगर म्हणतात, पण खरं तर तो लोहखनिजानं भरलेल्या टेकड्यांचा एक पुंजका. 1743 साली इथे कोसॅक लोकांची छोटी गढी उभी राहिली. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं थोडंफार खनिज गाड्यांनी जायचं, एवढाच उद्योग. जून 1929 मध्ये पहिली आगगाडी इथे आली, तेव्हा आसपास मोकळं माळरान होतं. योजना अचाट होती. खनिज इथे, पण कोकसाठी लागणारा दगडी कोळसा दोन हजार किलोमीटरवर सायबेरियातल्या कुझ्नेत्स्क खोऱ्यात. म्हणून आगगाड्यांनी जाताना खनिज न्यायचं, येताना कोळसा आणायचा, आणि दोन्ही टोकांना पोलाद कारखाना उभा करायचा. अर्थशास्त्राच्या कुठल्याही शहाण्या माणसानं हे नाकारलं असतं, आणि काहींनी नाकारलंही. पण सीमेपासून दूर, शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर पोलाद हवं होतं. 1941 मध्ये जर्मन हल्ला झाला आणि हिशेब वेगळ्याच पद्धतीनं जुळला.

आराखडा अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या आर्थर मॅकी कंपनीचा. डोळ्यांपुढे नमुना होता शिकागोजवळच्या गॅरीचा, जिथे युनायटेड स्टेट्स स्टीलनं तलावाकाठच्या वाळूत कारखाना आणि शहर एकदमच वसवलं होतं. 1930 मध्ये करार झाला आणि वर्षभरात भांडणंही झाली. अमेरिकन म्हणायचे, रशियन ऐकत नाहीत. रशियन म्हणायचे, अमेरिकन वेळ काढतात. पहिली ब्लास्ट फर्नेस थंडीत पेटवू नका, वसंतापर्यंत थांबा, असा अमेरिकनांचा सल्ला होता. पण तारीख वरून ठरलेली होती. 1932 च्या जानेवारीअखेरीस, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, भट्टी पेटवली. 1 फेब्रुवारीला लोखंड आलं, बातमी सगळ्या जगात गेली आणि थोड्याच दिवसांत भट्टी दुरुस्तीसाठी बंद करावी लागली. दोघंही आपापल्या परीनं बरोबर होते, असं मला वाटतं. भट्टी बिघडली हे खरं, आणि ती पुन्हा चालली हेही खरं.

हॉटेलनं मला एक वाटाड्या बाई गाठून दिल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, इंग्रजी बेताचं, चाल माझ्यापेक्षा भरभर. डाव्या किनाऱ्यावर ट्राममधून उतरल्यावर समोर फक्त कारखाना. किती किलोमीटर लांब आहे ते नजरेनं मोजता येत नाही. चिमण्या, गॅसचे नळ, रेल्वेचे रूळ, पुन्हा चिमण्या. हवेला कोकचा वास होता. काका सुटीवर आले की त्यांच्या पेटीतल्या कपड्यांनाही हाच वास यायचा.

याच जागी जॉन स्कॉट काम करत होता. महामंदीतल्या परदेशी कामगाराचं सोव्हिएत कारखान्यातलं आयुष्य कसं होतं, हे ज्याच्यामुळे आपल्याला कळतं तो हा माणूस. बाप स्कॉट निअरिंग, अमेरिकेतला नावाजलेला डावा अर्थतज्ज्ञ. पोरानं विस्कॉन्सिन विद्यापीठ अर्धवट सोडलं, स्कनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात वेल्डिंग शिकून प्रमाणपत्र घेतलं आणि 1932 मध्ये विशीतच इकडे आला. पुढे 1942 मध्ये त्यानं ‘बिहाइंड द उरल्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यात बढाई नाही आणि रडगाणंही नाही. कामगारानं कामगारांविषयी लिहिलेलं आहे, म्हणून ते अजून टिकून आहे.

सतरा नंबरच्या बराकीत एका रशियन कामगाराबरोबर त्याची खोली होती. लाकडी, चुना मारलेली बराक, एक छोटी शेगडी, आणि जळण मिळेल तिथून आणायचं. ‘मिळेल तिथून’ म्हणजे बहुधा कारखान्याच्या बांधकामावरून. परांचीसाठी आणलेल्या फळ्या रात्री चुलीत जात आणि दिवसा उंचावर पाय ठेवायला फळी नसे. भिलाईत ज्यांना आपण खलाशी म्हणतो, उंचावर चढून लोखंड बसवणारे, त्यांच्यातले लोक पडत. थंडी उणे तीस-पस्तीसच्या खाली, हातमोजे फाटके, वेल्डिंगची काडी कमी प्रतीची, त्यात वीज मधेच जाणार. जेवायला तिकिटं आणि तिकिटाप्रमाणे वेगवेगळी जेवणघरं. काळा पाव, पातळ सूप, कधी बटाटा, कधी मांसाचा तुकडा. पगार हातात असायचा, पण दुकानात घेण्यासारखं नसायचं. 1935 च्या सुरुवातीला पावाची रेशनकार्डं बंद झाली, तेव्हा लोकांनी मोकळा श्वास घेतला.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग हा मुलगा पळाला का नाही? उत्तर त्याच पुस्तकात आहे. संध्याकाळी थकून-भागून तीच माणसं रात्रशाळेत जाऊन बसत. त्याच्या टोळीत खैबुलिन नावाचा एक तातार होता. आदल्या वर्षापर्यंत त्यानं जिना, आगगाडी, विजेचा दिवा यांतलं काहीच पाहिलं नव्हतं, आणि आता तो ब्लास्ट फर्नेस बांधत होता. स्कॉटच्या मायदेशी, अमेरिकेत, शिकलेले लोक रस्त्यावर सफरचंदं विकत होते. इथे निरक्षर माणूस वेल्डर होत होता, वेल्डर इंजिनिअर होत होता. स्वतः स्कॉटही रात्री शिकत राहिला. माशा नावाच्या गणित शिकवणाऱ्या, शेतकरी घरातल्या मुलीशी 1934 मध्ये त्यानं लग्न केलं. दोन मुली झाल्या. भूक आणि उमेद एकाच बराकीत नांदत होत्या, आणि त्यांतली एकच पाहणारे प्रवासी मी दोन्ही बाजूंना पाहिले आहेत.

वाटाड्या बाई मला उत्तरेला बेरियोझ्कीत घेऊन गेल्या. बर्चच्या झाडीतली जुनी घरं, त्यांतली काही अजून उभी आहेत. सोन्याच्या भावानं पगार घेणारे अमेरिकन तज्ज्ञ इथे राहत. त्यांच्यासाठी ‘इन्स्नाब’ नावाचं वेगळं दुकान होतं. तिथे लोणी, मांस, चांगली दारू, कॅव्हियार मिळे, आणि तेही स्वस्तात. स्कॉटलाही परदेशी म्हणून त्या दुकानाचा आसरा मिळाला, पण राहिला तो बराकीत. तज्ज्ञ निघून गेल्यावर ही घरं कारखान्याच्या साहेबांनी घेतली. समता आणायला निघालेल्या शहरात इतकी साधी गोष्ट इतक्या लवकर घडली.

बाईंना मी विचारलं, तुमचे लोक कुठून आले? त्या सहज म्हणाल्या, “आजीला आणलं होतं.” आली नव्हती, आणलं होतं. 1931 मध्ये ‘कुलक’, म्हणजे सधन शेतकरी, ठरवलेल्या हजारो शेतकरी कुटुंबांना मालगाड्यांतून इथे उतरवलं गेलं. पहिला हिवाळा त्यांनी तंबूंत काढला. लहान मुलं फार गेली. उजव्या किनाऱ्यावर ‘पहिला तंबू’ नावाचं स्मारक आहे, 1966 मधलं. दगडी तंबू आणि खनिजाचा तुकडा उचललेला हात. ते तिथे स्वखुशीनं आलेल्या तरुणांचं आहे, असं मार्गदर्शक पुस्तकं सांगतात. तंबूत दोन्ही तऱ्हेची माणसं होती. बाईंनी स्मारकाशी माझा फोटो काढून दिला आणि पुढे चालू लागल्या.

डाव्या किनाऱ्यावरच ‘पहिला क्वार्टर’ आहे. फ्रँकफुर्टमध्ये कामगारांसाठी नव्या धर्तीची घरं बांधून नाव कमावलेला जर्मन वास्तुविशारद एर्न्स्ट माय 1930 मध्ये सहकाऱ्यांची तुकडी घेऊन रशियात आला. त्याला नवं आदर्श शहर आखायचं होतं. पोहोचतो तो पाया आधीच खणायला सुरुवात झालेली. सरळ रांगेत, एकमेकांना समांतर, साध्या भिंतींच्या तीन-चार मजली इमारती अजून आहेत. पापुद्रे निघालेले, पण माणसं राहताहेत, बाल्कनीत कपडे वाळताहेत. 1933 मध्ये माय निघाला तेव्हा जर्मनीत हिटलर आला होता, म्हणून तो पूर्व आफ्रिकेत जाऊन राहिला. शहरच पुढे धुरापासून पळत नदीपलीकडे गेलं.

उजव्या किनाऱ्यावर, नदीकाठच्या उंचवट्यावर मोठं स्मारक आहे, 1979 मधलं. कामगार सैनिकाच्या हाती तलवार देतो आहे. हीच तलवार व्होल्गोग्राडला, म्हणजे जुन्या स्टालिनग्राडला, मातृभूमीनं उगारली आहे आणि बर्लिनच्या पुतळ्यात ती खाली उतरली आहे, अशी तीन पुतळ्यांची सांगड घातलेली आहे. युद्धातल्या दर दुसऱ्या रणगाड्याचं चिलखत इथल्या पोलादाचं होतं, असं या गावात लहान मूलही सांगतं. अण्णाभाऊ साठ्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला आणि 1961 मध्ये रशिया पाहून प्रवासवर्णनही लिहिलं. मराठी माणसाच्या मनातला रशिया बराचसा त्यांनी घडवला. त्या लढाईचं पोलाद जिथून गेलं, त्या गावी मराठी वाचक क्वचितच पोहोचतो.

पुन्हा स्कॉटच्या काळाकडे वळतो. 1937 आलं. कारखान्यातल्या प्रत्येक बिघाडामागे घातपात शोधला जाऊ लागला. इंजिनिअर, फोरमन, पक्षाचे पुढारी रातोरात नाहीसे होत. स्कॉट पाच वर्षं तिथे राबलेला होता, बायको इथलीच होती, तरी परदेशी म्हणून त्याचं कारखान्यातलं काम सुटलं. तो मॉस्कोत जाऊन पत्रकार झाला आणि 1941 च्या जूनमध्ये, जर्मन हल्ल्याच्या तोंडावर, त्याला देशाबाहेर घालवलं गेलं. मॅग्नितोगोर्स्क पाश्चात्यांना बंद झालं ते जवळजवळ पन्नास वर्षं.

आपल्यासाठी मात्र मधेच एकदा दार उघडलं. 2 फेब्रुवारी 1955 ला भिलाईचा करार झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पंडित नेहरू इंदिराबाईंसह मॅग्नितोगोर्स्क पाहायला आले. 1957 मध्ये भिलाईच्या बांधकामाचा मुख्य इंजिनिअर म्हणून जो माणूस आला, तो वेनियामिन दिम्शित्स, 1939 ते 1946 मॅग्नितोगोर्स्कच्या बांधकाम ट्रस्टचा प्रमुख होता. म्हणजे गॅरीचा नमुना क्लीव्हलँडमार्गे उरलला पोहोचला आणि तिथून छत्तीसगडात उतरला. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं. आता परदेशी तज्ज्ञ रशियन होते. भिलाईत त्यांच्यासाठी वेगळी वसाहत झाली, ‘रशियन कॉम्प्लेक्स’ हे नाव तिथे अजून चालतं. काका सांगत, रशियन साहेब भट्टीजवळ स्वतः फावडं हातात घेत, म्हणून कामगारांना ते आवडत. बेरियोझ्की पाहून आल्यावर मला एवढंच जोडावंसं वाटतं की वेगळी घरं मात्र दोन्हीकडे होती.

माग्नित्नाया डोंगर आता जवळपास संपला आहे. जिथे चढ होता तिथे पायऱ्यापायऱ्यांच्या खाणी आहेत, आणि कारखान्याला लागणारं बरंचसं खनिज बाहेरून येतं. कारखाना चालू आहे, शहर चार लाखांच्या घरात आहे, आइस हॉकीचा संघ मोठा आहे. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. कुट्टूसारखी ग्रेच्का, बटाटा, मशरूम, आंबट साय आणि शेजारच्या बाश्किरियातला मध सगळीकडे मिळतो.

मला खटकलं ते एवढंच. स्मारकं मी भरपूर पाहिली, पण परदेशातून येऊन इथे वेल्डिंग केलेल्या, नकाशे काढलेल्या, परांचीवरून पडलेल्या लोकांसाठी नाव घेण्याजोगं काही मला दिसलं नाही. भिलाईतही रशियनांच्या नावानं बोलायला आता जुने लोक थोडेच उरले आहेत. तुमच्या घरात भिलाईच्या, ओझरच्या किंवा रांचीच्या कारखान्यात रशियनांबरोबर काम केलेलं कोणी असेल, तर त्यांच्याकडून ऐकून आजच लिहून ठेवा. आणि मॅग्नितोगोर्स्कला गेलात तर उजव्या किनाऱ्याला अर्धा दिवस पुरे, डाव्या किनाऱ्याला पूर्ण दिवस द्या.